अत्तींचं मीठ

आमच्या गावात खडेमीठ पोत्यानं मागितलं की दुकानदार आधी तोंडाकडे बघतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "कोण गेलं?" स्वयंपाकाला कुणी पोतं नेत नाही. आमच्याकडे माणूस गेलं की जाळत नाहीत, पुरतात. चौकोनी खड्डा घेतात, माणसाला मांडी घालून त्यात बसवतात, कपाळाला विभूती लावतात, बेलाची पानं ठेवतात आणि मग अंगाभोवती मीठ आणि माती टाकत खड्डा भरतात. गेल्या वैशाखात मी एकटीच जाऊन असं पोतं मागितलं तेव्हा दुकानदारानं तोच प्रश्न विचारला. "कुणी नाही, शेताला पाहिजे," अशी मी थाप मारली. शेताला मीठ कोण घालतं? त्याला ती पटली नाही, पण गावच्या सुनेशी वाद कशाला घाला म्हणून त्यानं पोतं माझ्या स्कूटीवर ठेवून दिलं.

ते मीठ मला जिवंत माणसासाठी हवं होतं. माझे सासरे गावातल्या हापशाचं खारट पाणी पीत होते, दुसरं पाणी तोंडाला लावत नव्हते आणि दिवसेंदिवस खंगत चालले होते. त्यांना थांबवायचा दुसरा उपाय मला सुचत नव्हता. हे सगळं कसं झालं ते सांगते, आणि माझी बाजू सावरून सांगत नाही. सावरायला तशी फार बाजू नाहीच.

मी सोलापूर शहरात वाढलेली. केमिस्ट्रीची पदवी घेतली आणि अक्कलकोट रोडवरच्या या गावात लग्न होऊन आले. नवरा चिंचोळीच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, त्यामुळे दिवसभर घरात सासू, सासरे आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूला अत्ती म्हणायचे. अत्ती हा आमच्याकडच्या कानडीतून आलेला शब्द. शिकलेली सून म्हणून गावाची पाणी तपासायची पेटी माझ्याकडे आली. पेटीत काचेच्या कुप्या, थेंबाथेंबानं घालायची औषधं, रंग ताडून बघायचं कार्ड आणि पाण्यातले क्षार मोजायचा पेनासारखा मीटर. वर्षातून दोनदा पाणी तपासायचं, वहीत आकडे भरायचे आणि एक प्रत वर पाठवायची. या पेटीचा मला भलताच तोरा होता. कुणी पाण्याला नावं ठेवली की मी म्हणायचे, जिभेनं नको, पेटीनं बोला.

अत्तींचं आणि माझं बरं जमायचं, पाण्याचा विषय सोडून. आमच्या घरी प्यायला फिल्टरचे जार येतात. अत्तींनी त्या पाण्याला कधी हात लावला नाही. जारच्या पाण्याला चव नाही, ते गिळलं तरी तहान तशीच राहते, असं त्यांचं म्हणणं. त्या रोज दोन तांबे हापशावरून भरून आणायच्या आणि तेच प्यायच्या. मी हसायचे. हापशाचं पाणी चांगलं आहे असं माझीच वही सांगत होती, त्यामुळे अडवायचं कारणही नव्हतं.

पौषात सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा झाली आणि माघात अत्ती गेल्या. कावीळ झाली होती. डॉक्टरांनी बाहेर काय खाल्लं, काय प्यालं म्हणून विचारलं. गड्ड्यावर उसाचा रस घेतला होता म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुढचं काही विचारलंच नाही. गल्लीत आणखी दोघातिघांचे डोळे पिवळे झाले होते, तेही जत्रेला जाऊन आलेले. ते बरे झाले. अत्तींचं वय झालं होतं, शरीरानं साथ दिली नाही. आमच्या शेताच्या बांधाला, हापशापासून हाकेच्या अंतरावर त्यांना बसवलं. दोन पोती मीठ लागलं. मीही ओंजळभर टाकलं.

चैत्र लागला आणि हापशाचं पाणी आटलं. वीस-पंचवीस दांडे मारावेत तेव्हा कुठं एक घागर भरायची, तीही गढूळ. टँकरची वाट बघण्यापेक्षा जिल्ह्याहून मशीन मागवू असं ठरलं. हे मशीन बोअरमध्ये प्रचंड दाबानं पाणी सोडतं, त्यामुळे खालच्या काळ्या दगडातल्या बारीक भेगा मोठ्या होतात आणि अडलेलं पाणी वाहू लागतं. देवळात सभा बसली. पुण्यात नोकरीला असलेला गावातलाच एक जण तेव्हा सुट्टीवर आला होता. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातलं घर, स्वयंपाकघरातला नळ, आणि नळाला काडी लावल्याबरोबर पाणी भडकतंय. तिकडं जमीन अशीच फोडतात, याला फ्रॅकिंग म्हणतात, लोकांचं पिण्याचं पाणी नासलं, असं तो पोटतिडकीनं सांगत होता. मोबाइल हातोहात फिरला.

जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी समजावलं की तिकडे तेल आणि वायू काढण्यासाठी फोडतात, फार खोल फोडतात आणि पाण्यात औषधं मिसळतात. इथं नुसतं स्वच्छ पाणी, तेही भेगा मोकळ्या करण्यापुरतं. त्यांच्यापेक्षा माझाच आवाज मोठा होता. मी उठून विज्ञान वगैरे सांगितलं आणि पुण्यावाल्याची थोडी टिंगलही केली. (दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं खरोखरच हापशाच्या तोंडाशी काडी ओढून बघितली. काडी नुसतीच विझली, तेव्हा तो जरा नाराज झाला.) साहेबांनी शेवटी विचारलं, हापशाच्या आसपास संडासाचा खड्डा, उकिरडा किंवा जुनी बोअर आहे का? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण पेटी माझ्याकडे. मी म्हटलं, काही नाही. त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं.

मागच्या रांगेत एक म्हातारी बसली होती, अत्तींची मैत्रीण. सभा उठता उठता ती म्हणाली, "साहेब, तुमी ढकललेलं पाणी जाणार कुटं?" दगडात जाणार आजी, असं साहेब म्हणाले. "दगडात, व्हय. पर मग दगडातनं कुटं?" लोक हसले. मीही हसले.

मशीन मंगळवारी आलं. ट्रकवर पंप, मागे टँकर. आधी हापसा उचकटला आणि आतले पाइप ओढून रस्त्याकडेला आडवे टाकले. मग बोअरमध्ये खोलवर रबरी बूच सोडलं, ते फुगवून भोक बंद केलं आणि त्याच्या खाली पाणी दाबायला सुरुवात केली. मशीनवाल्यानं मला दाब दाखवणाऱ्या घड्याळापाशी उभं केलं. काटा चढत जातो आणि एकदम पडतो. पडला की समजायचं, खाली दगड उकलला. पहिल्या टप्प्यात तसंच झालं. काटा पडला तेव्हा तळपायाला काहीतरी जाणवलं, शेजारच्या खोलीत कुणी जड पेटी सरकवल्यासारखं. बघ्यांपैकी दोघंजण नकळत मागे सरले. चपला घातलेल्या होत्या, तरी मला वाटलं आपण कुणाच्या तरी छपरावर उभे आहोत.

दुसरा टप्पा सुरू होताना मी सगळ्यांच्या चहाचं बघायला घरी आले. घर तिथून शंभरेक पावलांवर. आधण ठेवलं आणि बाथरूमच्या बाजूनं आवाज आला. घसा साफ करताना येतो तसा, पण फार खोलवरून. मामा मशीन बघायला गेले होते, नवरा कामावर होता, घरात कुणी नव्हतं. मी संडासाचं दार उघडलं. भांड्यातलं पाणी आपोआप वर चढत होतं. काठाच्या बोटभर खाली येऊन ते थांबलं आणि तिथंच थरथरत राहिलं. भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, मी त्या पाण्याकडे बघत उभी होते. मग एक मोठा बुडबुडा आला, घाण वास आला आणि पाणी खाली गेलं. मी दार लावून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. संडासातलं काही बाहेर येऊ नये म्हणून कडी घालणारी मी जगातली पहिलीच बाई असेन.

मग मला आठवलं. आठवलं हा शब्दही खोटाच, कारण विसरण्यासारखं ते नव्हतं. लग्न ठरताना माझी एकच अट होती, घरात संडास पाहिजे. मामांनी मान्य केली. पण खड्डा खणायला गेले तर तीन फुटांवर काळा पाषाण. पहार मारली की ठिणगी उडायची. घरामागे मामांनी कधीतरी मारलेली एक बोअर होती, दोनशे फूट जाऊनही नुसता फुफाटा निघालेली. मेलेली बोअर म्हणायचे तिला. मीच म्हटलं, पाइप तिच्यात सोडा की. घरात सगळ्यांना युक्ती आवडली. वरून शहाबादी फरशी टाकली आणि विषय संपला. आठ वर्षं झाली, ती कधी भरली नाही, कधी उपसावी लागली नाही. बाया मला विचारायला यायच्या, तुमचा खड्डा भरत कसा नाही? मी तोऱ्यात नुसती हसायचे. इतकं सगळं जातं कुठं, हा प्रश्न पदवीधर बाईला आठ वर्षांत एकदाही पडला नव्हता. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी मनात खड्डे मोजले. आमच्याकडे खड्डा नव्हताच. मेलेल्या बोअरला कोण मोजतं!

चहा घेऊन परत गेले तेव्हा मशीनवाला वैतागला होता. दुसऱ्या टप्प्यात काटा चढतच नव्हता. टँकरमधलं पाणी मात्र भराभर खाली चाललं होतं. तो मला म्हणाला, "म्याडम, हितं वाट आदीच हाय. आमी केलेली न्हवं ही. जवळपास कुटं जुनी बोअर हाय का?"

पंधरावीस माणसं उभी होती. मामाही होते, पण अत्ती गेल्यापासून त्यांचं कशातच लक्ष नसायचं. मी म्हटलं, "नाही."

या वेळी मला ठाऊक होतं.

त्यानं तिसरा टप्पा उरकला, हापसा परत बसवला आणि मशीन गेलं. पाणी भरपूर आलं. दहाव्या दांड्याला घागर भरू लागली. दांडा सोडल्यावरही थोडा वेळ पाणी येतच राहायचं, पूर्वी तसं कधी व्हायचं नाही. लोक खूश होते. आठवडाभरानं पाणी मचूळ लागायला लागलं, मग सरळ खारट. आमची म्हैस हापशाच्या हौदापाशी गेली, तोंड खाली नेलं, फुरफुरली आणि मागे फिरली. दोन दिवस तिला दुसऱ्या गल्लीत नेऊन पाणी पाजलं.

गावात तट पडले. पुण्यावाल्यानं फोन करून सांगितलं, मी म्हटलंच होतं, मशीनमध्ये औषध असणार. दुसऱ्या तटाचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मशीननं फोडलेली भेग आमच्या बांधापर्यंत गेली, हे मीठ तिथं बसवलेल्या म्हातारीचं आहे. बाया हापशापाशी आल्या की आवाज कमी करायच्या. काहीजणी पाणी न भरता नमस्कार करून परत जायच्या. अत्तींच्या त्या मैत्रिणीनं मला रस्त्यात गाठलं आणि हातात हात घेऊन विचारलं की अत्ती नीट बसल्यात ना गं अजून?

मला खरं काय वाटत होतं ते लिहिते, लाज वाटते तरी. मला ते अत्तींचंच मीठ असावं असं वाटत होतं. मनापासून. म्हणजे मग त्यात माझा काही संबंध उरला नसता. आठ वर्षं मला लेकीसारखं वागवणाऱ्या बाईवर, ती बोलू शकत नाही म्हणून, मी हे ढकलायला तयार होते.

मामांनी ते ऐकलं होतं. एका सकाळी त्यांनी जारचं पाणी परत ठेवलं आणि अत्तींचा तांब्या घेऊन हापशावर गेले. त्यानंतर रोज. हापशाच्या कट्ट्यावर बसायचे, ओंजळीनं प्यायचे, तोंड न पुसता बराच वेळ तसेच बसायचे. अत्ती गेल्यापासून ते घरात चार शब्दही बोलत नव्हते. तिथून आले की जरा बोलायचे. आधी मला बरंच वाटलं. मग त्यांचं पोट बिघडलं. मग रोजच बिघडू लागलं.

मी हापशाचं पाणी कुपीत भरून सावलीत ठेवलं. पाण्यात मैल्याचे जंतू असले की या कुपीतलं पाणी काळं पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुपी शाईसारखी काळी झाली होती. परत एक ठेवली, तीही तशीच. मी हापशावर पाटी लावली, घरोघर जाऊन सांगितलं. कारण विचारलं की तपासतेय म्हणायचे. लोकांनी ऐकलं, तसंही त्यांना ते पाणी नकोच झालं होतं. मामांनी ऐकलं नाही. मी कुपी दाखवली, रागावले, रडले. नवऱ्यानं समजावलं. एकदा सलाइन लावून आणलं, तर गाडीवरून उतरल्या उतरल्या ते हापशाकडे वळले. मला म्हणाले, "तिचं हाय ते. मला न्हाई बाधायचं."

आणि आता कोडं उरलं नव्हतं: कुपी काळी करणारी घाण आणि पाण्यातला खारटपणा, दोन्ही आमच्याच संडासातून येत असणार. ते पाणी तिचं नाही हे त्यांच्या डोळ्यांसमोर दिसलं तरच ते थांबणार होते. एका ठिकाणी मीठ घालायचं आणि दुसऱ्या ठिकाणच्या पाण्यात क्षार चढतात का बघायचे, ही आतल्या वाटा शोधायची जुनी पद्धत आम्हाला कॉलेजात शिकवली होती. म्हणून मी पोतं आणलं.

दुपारी बाराच्या सुमारास घरामागची फरशी पहारीनं सरकवली. आठ वर्षांनी त्या भोकाला ऊन दिसलं. आत काहीच दिसत नव्हतं, पण ओला, गरम वारा वर येत होता, थांबत होता, परत येत होता. मी ड्रममध्ये मीठ विरघळवलं आणि बादलीबादलीनं ओतलं. ओतलेल्या पाण्याचा तळाला आदळल्याचा आवाज येईल म्हणून कान दिले. आवाज आलाच नाही. प्रत्येक बादली निमूट गिळली गेली. अर्ध्या पोत्यानंतर मला ओतवेना, तरी मी पोतं संपवलं.

मग पेटी आणि वही घेऊन हापशावर गेले. मामा कट्ट्यावर होतेच. काय करतेस, विचारलं. तपासतेय म्हटलं. दर थोड्या वेळानं दांडा मारायचा, ग्लास भरायचा, मीटर बुडवायचा, वहीत आकडा लिहायचा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दांडा सोडला की हापसा स्वतःशी काहीतरी गुरगुरायचा आणि मामा तिकडे कान लावून बसायचे.

तासभर आकडा जागचा हलला नाही. मला आशा वाटू लागली. वाटलं, वाट नाहीच, बुडबुडा कसला तरी असेल, आपण उगाच घाबरलो. नवीन पान उलटायला गेले आणि वही मागच्या पानावर उघडली. दिवाळीनंतरच्या तपासणीचं पान. माझंच सुबक अक्षर. पण ते आकडे पाण्याचे नव्हते. त्या आठवड्यात माहेरी लग्न होतं, साड्या घ्यायच्या होत्या. मी टेबलापाशी बसून त्याच्या आधीच्या पानावरचे आकडे जसेच्या तसे उतरवले होते. कुपी भरली नव्हती. पेटी उघडलीच नव्हती. ही एवढीशी लबाडी मी विसरूनही गेले होते. ते पान बघत असताना मशीनवाल्याचे शब्द माझ्या कानाशी आले. वाट आधीची होती. म्हणजे किती आधीची?

पुढचा ग्लास भरला. आकडा चढला होता. त्याच्या पुढचा आणखी चढला. मी मीटर पुसला, परत बुडवला, परत तेच. तोवर मामांनी हापशाखाली ओंजळ धरली होती आणि मी काही बोलायच्या आत ते प्याले. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "आज लई हाय की ती."

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि सांगून टाकलं. मामा, ते मीठ मी टाकलंय, आत्ता, घरामागच्या बोअरमध्ये, जिथं संडासाचा पाइप सोडलाय तिथं. तासा-दीड तासात इथं आलं. रोज तेच येतंय. अत्तींचं नाही हे.

त्यांनी हात सोडवून घेतले आणि आपल्या तळव्यांकडे बघितलं. किळस नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर. कुणीतरी उठून गेल्यावर रिकाम्या जागेकडे बघावं तसं बघत होते. म्हणाले, "मशीननं केलं म्हनायचं."

मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. निम्मं गाव तेच म्हणत होतं. पण मशीनवाल्यासमोर, दुकानदारासमोर, घरोघर मी जेवढं खोटं बोलले होते तेवढं पुरे होतं.

"नाही मामा. मशीननं पाणी वाढलं, वाट रुंद झाली. पण वाट आधीच होती. मशीनवाल्यानं सांगितलं तेव्हा मला कळलं होतं, आणि मी बोलले नाही."

"कवापासनं हुती?"

"माहीत नाही. दिवाळीनंतर तपासलं असतं तर कळलं असतं. मी तपासलं नाही, जुने आकडे लिहिले. अत्ती रोज..." पुढचं त्यांना कळलं.

हापशाच्या तोंडातून थेंब पडत होते आणि मी ते मोजत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे, रसानं न्हवं?"

खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही, कुठलाच डॉक्टर आता ते सांगू शकणार नाही, असं मी म्हटलं. पण गल्लीतल्या बाकीच्यांचीही कावीळ इथलीच असेल असं मला वाटतं, हेही म्हटलं.

"रस मी पाजला हुता तिला," ते म्हणाले. "ती नगं म्हनत हुती. गार हाय, नगं. म्याच म्हनलं, पी, वरसातनं एकदा येतो आपन."

एवढं बोलून ते रडले. अत्तींच्या मातीच्या दिवशीही न रडलेला माणूस मोठ्यानं रडला. तीन महिने ते हे एकट्यानं घेऊन बसले होते, आणि मला वाटत होतं की त्यांना नुसता विरह आहे. रडून झाल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला होता, खरंच मोकळा. तसंच त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघणं रागाचं नव्हतं. पहिल्यांदाच बघत असल्यासारखं होतं ते, आणि मला कधी कुणाच्या नजरेची इतकी भीती वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात मी गावाला सगळं सांगितलं, वहीतलं पानही दाखवलं. बरंच ऐकून घेतलं. ऐकायलाच हवं होतं. बोअर सिमेंट ओतून बुजवली, ब्रेकर लावून पाषाण फोडला आणि संडासाला खड्डा खणला, पाणी पिण्याचं नाही हे कळावं म्हणून हापसा लाल रंगवला. पेटी मी परत केली. ती आता शाळेतल्या बाईंकडे आहे आणि त्या प्रत्येक कुपी चारचौघांसमोर भरतात. मी मागून बघते.

मामांची तब्येत सुधारली. ते हापशाकडे जात नाहीत. मला टाकून कधी बोलले नाहीत, नवऱ्याकडेही माझी कधी तक्रार केली नाही. माझ्या हातची भाकरी खातात, भाजी परत मागून घेतात, जेवताना गावातलं काहीबाही सांगतातही. तहान लागली की मात्र मी तांब्या भरून पुढे करायच्या आत उठतात, माठापर्यंत चालत जातात आणि स्वतःच्या हातानं पाणी घेतात.